सामना सुरू झालाय, तुम्ही निघा

डॉक्टर मला चार वर्षांपासून चालायला सांगत होते आणि मी चार वर्षांपासून हो म्हणत होतो. गोळ्या वेळेवर घ्यायचो. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, ती तीन महिन्यांची साखर, सगळ्या साखरा नेमानं तपासायचो. फक्त चालायचो नाही. वजन ९१ किलो.

आमच्या परभणीत चालायला जागा नाही असं कुणी म्हणू नये. वसमत रोडला कृषी विद्यापीठाचा एवढा मोठा परिसर पडलाय आणि पहाटे पाचपासून गावातली रक्तदाबाची, गुडघ्याची, साखरेची माणसं तिथं हात हलवत फिरायलेली असतात. याच विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी आहे, लोह आणि जस्त जास्त असलेली. म्हणजे भाकरीतच शक्ती येत असेल तर ती उगं रस्त्यावर सांडायची कशाला, असा माझा सवाल होता. डॉक्टरांनी त्यावर गोळी वाढवली.

न चालण्याची कारणं मी ऋतूप्रमाणे लावून ठेवली होती. उन्हाळ्यात ऊन. हे कारण आमच्याकडं कुणी तपासत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, दहा पावलांत एकेक चप्पल विटेएवढी होते. राहिला शरद. बाकीच्यांचा शरद चांदण्याचा असेल, आमच्याकडं त्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. पाऊस पाठ फिरवून गेलेला, आभाळात ढगाचा तुकडा नाही, वरून ऊन आणि खालून जमिनीतला उरलासुरला ओलावा वाफ होऊन वर यायलेला. दोघांच्या मधी माणूस. शरदात पित्त खवळतं असं वैद्य सांगतातच. माझं तर कुणी ‘चला फिरायला’ म्हणलं तरी खवळायचं.

त्यात २०२३ चा शरद म्हणजे क्रिकेटचा विश्वचषक, तोही आपल्याच देशात. सामने दुपारी दोनला सुरू. बँकेतून सहाला घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि दुसरा डाव बघायचा. महिना-दीड महिना सोफ्यावर काढायचा असा माझा साधासरळ बेत होता. मला दुसरा शौक नाही. मी सिनेमा बघत नाही, पत्ते खेळत नाही, पान खात नाही. क्रिकेट बघतो.

८ ऑक्टोबर, रविवार. चेन्नईला ऑस्ट्रेलिया १९९ वर आटोपली. आता काय, जिंकलोच, म्हणून मी शेंगदाण्याची वाटी मांडीवर घेतली. वाटी निम्मी व्हायच्या आत आपले दोन धावांत तीन गडी बाद झाले, आणि तिघंही शून्यावर. मी वाटी आपटली, चपला घातल्या आणि कुणाशी न बोलता घराबाहेर पडलो. व्यायाम वगैरे काही नाही, निव्वळ संताप. संतापात माणूस किती चालतो याचा मला अंदाज नव्हता. भानावर आलो तेव्हा विद्यापीठाच्या फाटकापाशी होतो.

दीड तासानं परत आलो तर कोहली आणि राहुल खेळायलेत. आई देवासमोर जपमाळ ओढत बसलेली. तिला क्रिकेटातलं दोनच गोष्टी कळतात: पोरगं उभं आहे, आणि पोरगं गेलं. मी जेवलो, नऊच्या सुमारास सोफ्यावर टेकलो आणि ८५ वर कोहली बाद झाला.

आईची माळ थांबली.

“तू गेलास तर पोरं टिकली,” ती म्हणाली, “आन् टेकलास तर गेलं बघ एक.”

मी हसलो. माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं मला तिचा आधार वाटत होता. तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, “असं नसतं आई. दोन नोंदींवरून निष्कर्ष काढता येत नाही.” मी मान डोलावली. मग ती माझ्याकडं वळली, “आणखी नोंदी घ्याव्या लागतील.”

बुधवारी अफगाणिस्तानविरुद्ध नोंद घेतली. मी विद्यापीठात, रोहित शर्मा १३१. पण खरी नोंद झाली ती शनिवारी, पाकिस्तानच्या सामन्यात. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, मी दोनपासून ठाण मांडून बसलेलो. बाबर आणि रिझवान हलायलाच तयार नाहीत. १५५ वर दोन. माझ्या पाठीवर तीन माणसांची नजर मला जाणवायला लागली.

“उद्या घट बसायचेत,” आई म्हणाली, “माती आणायची राहिलीय.”

“संध्याकाळी आणतो.”

“आत्ताच जा. अंधार पडल्यावर काय माती दिसायलीय का तुला?”

गेलो. गावाबाहेर ओळखीच्यांचं शेत आहे, तिथं सोयाबीनची मळणी चालली होती. त्या वर्षी ऑगस्ट सगळा कोरडा गेलेला, शेंगा लागल्या पण दाणा भरला नाही. मालक मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघत उभे होते. त्यांच्याशी काय बोलावं कळेना म्हणून मी मुकाट्यानं पिशवीत माती भरायला लागलो, तर गावाच्या बाजूनं फटाके. मग आणखी फटाके. १५५ वर दोन असलेला पाकिस्तान १९१ वर गारद. ३६ धावांत आठ गडी, आणि त्यातला एकही मी पाहिला नाही. मी पिशवीभर माती पाहिली. मालक मात्र हसले. म्हणाले, “काहीतरी पडलं चांगलं.”

घरी आलो तर बायकोनं वही काढली होती. दोनशे पानी, ठळक रेघांची. रकाने आखलेले: तारीख, घराबाहेर पडल्याची वेळ, परतल्याची वेळ, धावा, गडी, शेरा. विज्ञान असं असतं.

त्या दिवसापासून मी सामने कानानं बघायला शिकलो. यात एक अडचण आहे. आमच्या कॉलनीत कुणाकडं केबल, कुणाकडं छत्रीवाला डिश, कुणाकडं मोबाइल, आणि तिन्हीकडं सामना एका वेळी पोहोचत नाही. केबलवाल्यांच्या घरात आरडाओरडा झाला की मी दोन घरं ओलांडायचो, मग डिशवाले ओरडायचे, आणि पार कोपऱ्यावर गेल्यावर ओट्यावरच्या पोरांच्या मोबाइलमध्ये तोच गडी बाद व्हायचा. एकच फलंदाज मी एका गल्लीत तीनदा बाद होताना ऐकलाय. हळूहळू कान तयार झाला. चौकाराला नुसती टाळी असते, षटकाराला शिट्टी. गडी पडला की आधी सगळी घरं गप्प होतात आणि मग एकदम फुटतात. झेल सुटला तर बायकांचे आवाज जास्त येतात, का ते मला अजून कळलं नाही.

खिशातल्या मोबाइलवरून सूचना यायच्या. “कुठवर गेलात?” “काळ्या कमानीजवळ.” “मागं फिरू नका, बुमराहची षटकं उरलीत.”

२२ तारखेला अष्टमी. न्यूझीलंडशी सामना धरमशालेला. रात्री फोन आला, “थांबा! खेळ थांबलाय. आहात तिथंच उभे राहा.”

“का? काय झालं?”

“धुकं पडलंय.”

इकडं माझ्या बनियनमधून घाम पिळून काढता आला असता. मी विजेच्या खांबाखाली उभा राहिलो. दोन कुत्री आली, माझ्याकडं बघून बसली. देवीच्या आरतीहून परतणाऱ्या बायका माझ्याकडं बघून रस्त्याच्या पलीकडनं गेल्या. धुकं निवळल्याचा फोन येईपर्यंत मी हललो नाही. मग पुन्हा फेऱ्या. शेवटी पाय बोलायला लागले, वाटलं आता झालंच जिंकून, आणि मी घराचं फाटक उघडलं. जिंकायला पाच धावा हव्या होत्या आणि कोहली ९५ वर होता. फाटकाची कडी वाजली आणि आतून आईचा आवाज आला, “गेलं पोरगं!”

सामना जिंकलो. पण त्या रात्री माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. “पाच धावांपुरतं चालला असतात तर काय पाय झिजले असते?” एवढंच बायको म्हणाली, आणि वहीत लिहायला बसली.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजापूरची भवानी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते, श्रमनिद्रा म्हणतात तिला. मी आईला म्हणलं, साक्षात देवी दमते, मी तर माणूस आहे. आई म्हणाली, “तिनं महिषासूर मारला. तू काय मारलास?” कोजागिरीला नेमकं चंद्रग्रहण आलं, तर दूध ग्रहणाआधी प्यायचं की उद्या, यावर घरात खल. माझं दूध साखरेमुळं आधीच बाद होतं, त्यामुळं त्या खलात मी तटस्थ राहू शकलो.

पुढचं भराभर सांगतो. इंग्लंड १२९. श्रीलंकेच्या दिवशी मला गाऱ्हाणंच आहे. चपला घालून कोपऱ्यावर गेलो तर त्यांचे ३ धावांत चार गडी, आणि विद्यापीठाला वळसा घालून येईतो सगळे ५५ वर बाद. त्या दिवशी पावलं भरलीच नाहीत. दक्षिण आफ्रिका ८३. लक्ष्मीपूजनाला नेदरलँड्स. दारोदारी चिवड्याच्या फोडणीचा, चकलीच्या तेलाचा वास, हातगाड्यांवर बालाघाटची सीताफळं डोळे वटारून बसलेली, आणि मी त्या सगळ्यातून नाक धरून चाललोय. ओळखीच्या काकांनी हाक मारून फराळाची ताटली पुढं केली. म्हणलं, “काका, सामना चालूय, थांबता येत नाही.” काकांनी ताटली मागं घेतली आणि आत जाऊन काकूंना काहीतरी सांगितलं. कदाचित त्यांनी मला खेळाडू समजलं असेल.

उपांत्य सामना भाऊबिजेला. बहीण नांदेडहून आलेली, पाट मांडलेला, निरांजन लावलेलं, मी टोपी घालून बसलेलो. मागं टीव्हीवर विल्यमसन आणि मिचेल. न्यूझीलंड २२० वर दोन. बहिणीच्या हातातलं ताट गोल फिरायचं थांबलं. तिनं टीव्हीकडं बघितलं, मग वहिनीकडं बघितलं. वहीचं तिला फोनवर सगळं कळलेलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “आधी एक चक्कर मारून ये. ओवाळणी काय पळून चाललीय का?”

कपाळावर अर्धं कुंकू घेऊन मी उठलो. कोपऱ्यावर पोचायच्या आत शमीनं एका षटकात विल्यमसनसह दोन गडी घेतले, २२० वरच. सात गडी घेतले त्यानं त्या दिवशी. मला रात्री अकराला ओवाळलं. तोवर वजन ८६ वर आलं होतं आणि डॉक्टर म्हणाले, काय करायलात ते असंच चालू ठेवा. विश्वचषक चार वर्षांनी असतो हे त्यांना कुणी सांगायचं?

१९ नोव्हेंबर, रविवार, अहमदाबाद. ऑस्ट्रेलियाशी अंतिम सामना. दुपारी दोनच्या ठोक्याला मला घराबाहेर काढण्यात आलं. आईनं हातावर दही ठेवलं. मुलानं त्याचे बूट दिले, “पप्पा, आज चप्पल नको.” आपल्या २४० झाल्या. मधी तासभर जेवायला घेतलं आणि परत बाहेर. संध्याकाळी त्यांचे ४७ वर तीन गेले तेव्हा बायकोचा आवाज फोनवर थरथरत होता, “थांबू नका हं.” मी थांबलो नाही. पण तो हेड काही हलेना. आणखी एक फेरी. आणखी एक. आठनंतर माझ्या लक्षात आलं की रस्त्यावर मी एकटा नाही. पुढं पोस्टातले जोशीकाका होते, मागं दोन प्राध्यापक, एक मेडिकलवाले. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर घरातून काढल्याची कळा. पुढं पुढं बायकोचा फोन यायचाही बंद झाला. तेव्हा कळलं.

घरी सगळे बसल्या जागी बसलेले. बायकोच्या मांडीवर वही. ती रडली नाही, ती पानं उलटत होती.

“दहा वेळा बरोबर आलं,” ती म्हणाली, “अकराव्यांदा कसं चुकलं? दुपारी पावणेतीनला कुठं होतात तुम्ही?”

“चालत होतो.”

“थांबला नाहीत ना कुठं?”

“नाही.”

तिनं तसं लिहिलं. आजही वहीत तसंच आहे.

पावणेतीनला मी जिंतूर रोडच्या एका पानटपरीसमोर होतो. ऊन कडक, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि टपरीवाल्यानं फळकुटावर हातभर टीव्ही ठेवलेला. दहा सामने मी भिंतीपलीकडून ऐकले होते. म्हणलं, एक चेंडू बघू. एकानं काय होतंय? रोहितनं मॅक्सवेलला षटकार मारला. बघा, काही झालं नाही. पुढच्यावर चौकार. टपरीवाला म्हणाला, “बसा की सर,” आणि त्यानं स्टूल पुढं सरकवलं. मी टेकलो. रोहितनं पुन्हा उचलून मारला, चेंडू वर गेला आणि हेड पाठमोरा पळत सुटला.

मीही सुटलो. वयाच्या पन्नाशीत, भर उन्हात, पोराचे बूट घालून, परत घराच्या उलट दिशेनं. त्या महिन्याभरात मी धावलो असेन तर तेवढाच. पुढच्याच षटकात श्रेयस अय्यर गेला, पण तेव्हा मी पळत होतो, त्यामुळं तो गडी माझ्या नावावर धरू नये.