किडनीची साईज नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत? नाही हो!

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की सोनोग्राफीत किडनी 9 ते 12 सेंमी भरली की झालं, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वगैरेच्या तपासण्या करायची गरजच नाही. हे अर्धवट आहे. जुन्या आजारात किडनी बऱ्याचदा आक्रसते, बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स पातळ होतो हे खरंय, पण डायबेटिसवाल्यांची किडनी खराब होत असतानाही साईज नॉर्मल किंवा थोडी मोठीच दिसू शकते, आणि पॉलिसिस्टिक किडनीच्या आजारात तर पाण्याच्या गाठींनी फुगून पार मोठी होते, म्हणून नुसती लांबी बघून खूश होण्यात काही अर्थ नाही.

उलटंही आहे. बुटक्या माणसाची किडनी मुळातच लहान असते, डावी उजवीपेक्षा जरा लांब असणं नॉर्मलच, आणि सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) थोडा तिरका धरला तरी माप कमी येतं. त्यामुळे रिपोर्टवर 8.8 दिसलं की लगेच डायलिसिसची स्वप्नं नकोत (गूगल तर बंदच ठेवा).

सोनोग्राफी कामाचीच आहे, खडा, अडथळा, सूज कळते. पण किडनीच्या जुन्या आजाराचं निदान मुख्यतः ठरतं ते ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा वेग) आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनवर. ईजीएफआर 60 च्या खाली किंवा लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो 30 mg/g च्या वर, आणि तेही कमीत कमी 3 महिने टिकलेलं. शुगर-बीपी असेल तर वर्षातून एकदा दोन्ही करून घ्या.