पांडवांना जरा विश्रांती द्या

श्रावणी सोमवार उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास येतो. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून शिखर राहून गेलं, खालून भुयार आहे, पुढे पाठवा. यंदा न राहवून मी लिहिलं, अहो, तिथे दारावर शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. त्या काळी कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या मुम्मुणी राजाच्या वेळचा. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "श्रद्धेच्या गोष्टीत पुरावे मागू नयेत." खाली अकरा जणांचे जोडलेले हात.

मी मागितले कुठे होते, दिले होते! असो.

दंतकथांचं मला वावडं नाही. खुपतं ते "एका रात्रीत". इथे घोडबंदर रोडचा एक खड्डा एका रात्रीत बुजत नाही. ते देऊळ एकदा बाहेरून सावकाश फिरून बघा. काळा दगड, भिंतीच्या प्रत्येक घडीत मूर्ती. छित्तराजाने सुरू केलेलं काम त्याच्या भावाने, मुम्मुणीने पुरं केलं असं मानतात. म्हणजे पाथरवटांनी तिथे किती पावसाळे काढले असतील! आणि श्रेय पांडवांना. कार्ल्याला एकवीरेचं देऊळही त्यांनीच एका रात्रीत बांधलं म्हणे. बिचारे वनवासात आले होते की कंत्राटं घ्यायला? ज्या शिलाहारांच्या ताम्रपटांत आपलं ठाणं 'श्रीस्थानक' म्हणून येतं, त्यांचं नाव मात्र स्टेशनवर दहा जणांना विचारा, नऊ जण खांदे उडवतील.

आजीही पांडवांचीच गोष्ट सांगायची, पण गाभाऱ्यात नेऊन. विसेक पायऱ्या उतरून खाली गेलं की म्हणायची, "आता वर बघ." वर थेट आभाळ! "भीम शेवटचा दगड आणायला गेला आणि कोंबडा आरवला." त्या गोष्टीमुळे मी मान वर केली. फॉरवर्ड वाचून कुणी चपला घालून बाहेरसुद्धा पडत नाही.

आमच्या ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या देवळाबद्दल तिची वेगळीच कथा. जांभळी नाक्यावर बेल घेताना दरवेळी सांगायची, की इथली पिंड वर्षाला तिळभर वाढते. देऊळ मुळात शिलाहारांचं मानतात. १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते पुन्हा उभं केलं, १८७९ मध्ये लोकांनी वर्गणी काढून वाढवलं. पिंडीची छापील मापं सापडली तेव्हा मी कॉलेजात होते. उंची सव्वाचार फूट, घेर बारा फुटांच्या आसपास. मोठ्या ऐटीत आजीला म्हटलं, "बघ, मापं छापून आली आहेत. कुठे वाढते?"

ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, तिळाएवढं वाढलेलं फुटपट्टीवर कसं दिसेल?"