बेसवाल्याचे तीन हजार

"जोरात वाजवा" हे ढोलवाल्याला सांगावं, हलगीवाल्याला सांगावं, बेल खराब असेल तर दारात उभ्या पाहुण्यालाही सांगावं, पण बेस गिटारवाल्याला सांगू नये. तरी सगळे त्यालाच सांगतात.

परवा डोंबिवलीच्या एका सोसायटीत गणपतीचा कार्यक्रम होता. जुन्या गाण्यांचा आमचा ऑर्केस्ट्रा, वर ताडपत्री, त्यावर पाऊस, मागे वडे तळतायत, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, सोडून देऊ. पहिल्या रांगेत मधोमध सोसायटीचे खजिनदार काका बसले होते. स्वेटर, मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलीत आमचं कोटेशन. दुसऱ्या गाण्यापासून काकांनी माझ्याकडे बघून कानाला हात लावायला सुरुवात केली. मी मान हलवली. मग ते दोन्ही हातांनी विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं करायला लागले. ओढा, ओढा, अजून ओढा. शेजारच्या काकू त्यांना गप्प बसा म्हणतायत आणि हे आपले पोहरा ओढतायत. चेक देणारा माणूस आहे म्हटल्यावर मी काय करणार, ओढला.

आता जोरात ओढल्यावर काय होतं ते इथे सांगतो, घरी कोणी ऐकून घेत नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. बेताने छेडली तर आरामात झोके घेते आणि तो पोटात जाणवणारा गोल, भरलेला आवाज येतो. तीच तार जीव खाऊन ओढली की झोका एवढा मोठा होतो की ती फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, जाऊन आपटते, टण्ण, आणि बोटातला बराचसा जोर त्या टण्णमध्येच खलास. वर तार ताणली गेल्यामुळे सूर सुरुवातीला किंचित चढतो आणि मग ओशाळून जागेवर येतो. पुढे कुठे कॉम्प्रेसर, म्हणजे फार मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र, लावलेला असेल तर तो त्या टण्णला घाबरून सगळाच आवाज दाबतो, आणि मागून येणारी खरी नोट बिचारी दबलेलीच बाहेर पडते. म्हणजे जेवढा जोर जास्त तेवढा आवाज किडकिडीत. भरीव आवाज पाहिजे तर बोट हलकं ठेवायचं आणि अ‍ॅम्पचं बटण फिरवायचं, बटण त्यासाठीच दिलेलं असतं. पण बटण फिरवताना माणूस मेहनत करतोय असं दिसत नाही ना! आपल्याकडे घाम दिसल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

जोरात वाजवून भरीव आवाज येतच नाही असं नाही, येतो. डेट्रॉइटचा बेसवाला जेम्स जेमर्सन एका बोटावर वाजवायचा, त्या बोटाला लोक 'हुक' म्हणायचे. पण त्याच्या तारा जाड, गुळगुळीत, फ्रेटपासून चांगल्या उंच, ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीच्या, झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि तार तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही. अशा तारेला ओढायला खाली जागा असते. शिवाय तार वरच्या बाजूला उपसायची नाही, बोट आडवं नेऊन शेजारच्या तारेवर टेकवायचं, म्हणजे तार फ्रेटवर कमी आपटते. हे सगळं मला माहीत आहे. मी घरी हेच करतो. पण समोर एक माणूस पोहरा ओढत असताना बोट कुठे टेकवायचं याचा विचार होत नाही.

मध्यंतरात सगळे वड्यांकडे पळाले आणि मी बारकी अ‍ॅलन की घेऊन तारा वर घ्यायला बसलो. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली दोन स्क्रू असतात, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि मांडवातली लाइट तिथे सोडून सगळीकडे पडते. काका आले. हातात वडा. म्हणाले, थांबा, टॉर्च धरतो. धरला, पण माझ्या डोळ्यांवर.

"बिघडलीय का?"

"नाही काका, तारा जरा वर घेतोय."

"वर घेतल्या की ऐकू येईल?"

"जोरात वाजवलं तर आपटणार नाहीत."

"मग आधीच का नाही घेतल्या?"

"आधी हळू वाजवणार होतो."

काकांनी टॉर्च बंद केला. "हळू? अहो, हळू वाजवायचे पैसे ठरलेत का आपले?"

मग त्यांनी फोनवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप काढलं. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालला तर कोण तक्रार करेल याची त्यांना धास्ती, म्हणून ते अ‍ॅप, पण आता ते माझ्यावर वापरायचं ठरलं. "त्या ताई गातात तेव्हा एवढं जातं. ढोलकी एवढं. आता तुम्ही एकटे वाजवा." मी जाड तार वाजवली, छान, बेताने, आणि माझा छोटा अ‍ॅम्प त्याच्या ऐपतीप्रमाणे घुमला. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. आकडा इतका थोडा सरकला की तो सरकणं वड्याच्या कढईमुळेही असू शकलं असतं.

"बघा," काका म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही."

मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला माझं ऐकूच येत नाही. आवाज मोजायची जी नेहमीची पद्धत आहे, ए वेटिंग म्हणतात, ती खालच्या सुरांना जवळपास मोजतच नाही, ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० वेळा हलणाऱ्या सुराच्या, आसपास तर साधारण ३५ डेसिबल आकड्यातून सरळ वजा होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतली रहिवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा याच मापात आहे. म्हणजे सरकारच्या लेखी मी वाजत असताना शांतता असते. विसर्जनाला गाडीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती कशा काय सुटतात, त्यात थोडा हात याचाही असणार. मी एक कॉन्सेप्ट म्हणून काकांना हे समजावायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, "म्हणजे तुम्हाला परवानगी लागणारच नाही, मग भीती कसली? वाजवा की जोरात!"

दुसऱ्या अर्ध्यात मी वाजवलं. असं वाजवलं की बोटाला फोड आला.

कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळायला मिक्सरपाशी गेलो तर माझ्या चॅनेलवर एक बारीक बटण दाबलेलं. लो कट. १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकतं, माइकमधली फडफड, धक्के वगैरे जायला असतं ते. आता माझ्या चार मोकळ्या तारा म्हणजे ४१, ५५, ७३ आणि ९८. एकजात सगळ्या १०० च्या खाली. म्हणजे रात्रभर माझ्या आवाजाचं पोट कापलं जात होतं आणि स्पीकरमधून बाहेर येत होतं ते फक्त बोटाचं आपटणं, जितका मी जोर लावतोय तितकं जास्त.

मी साउंडवाल्या पोराला म्हटलं, अरे हे दाबलंय.

"हो दादा, दाबलेलंच असतं. वाऱ्याचा आवाज येतो ना."

"बेसमध्ये वारा कुठून येईल?"

"सगळ्याच चॅनेलला दाबतो. लक्षात ठेवायला बरं पडतं."

यावर काय बोलणार? पोरगं सकाळपासून स्पीकर उचलत होतं, त्याला दिवसाचे किती मिळतात ते मला माहीत आहे, म्हणून गप्प बसलो.

खरा मान दुसऱ्या दिवशी मिळाला. आमच्या लीडरचा फोन आला, काका बिलातून तीन हजार कापायचं म्हणतायत, तूच बोल, आणि त्याने सरळ काकांना जोडून घेतलं.

"नमस्कार. विषय साधा आहे," काका म्हणाले. "कोटेशनमध्ये बेस गिटार लिहिलंय. बेस गिटार आलं. तुमचा हात हलत होता हे मी स्वतः पाहिलंय, त्याबद्दल माझी काही शंका नाही. पण आवाज नाही पोचला."

"काका, ती टकटक येत होती ना, तो बेसच होता. साउंडवाल्याने—"

"ती टकटक तुमची होती?" काका खरंच दचकले. "अहो, मला वाटलं स्टेजची फळी सुटलीय. मी मांडववाल्याला दोनदा बघायला पाठवला! त्याचेही पैसे अडवून ठेवलेत मी."

"मग आता त्याचे सोडा आणि माझेही सोडा."

"त्याचे सोडतो. तुमचं कसं सोडू? बेस म्हणजे कसा पाहिजे—" आणि काकांनी फोनवर तोंडाने वाजवून दाखवला. डुम्, डुडुम् डुम्, मधली ती घसरण, शेवटची वर जाणारी पट्टी, सगळं. मी थक्क झालो. या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवरचा बेस पाठ होता, सुरासकट, आरडींकडे टोनी वाझ बेस वाजवायचे त्या जमान्यातला. म्हणजे त्याला बेस कळतो! आयुष्यभर मी अशा एका श्रोत्याची वाट बघतोय आणि तो भेटला तेव्हा माझे पैसे कापत होता.

घासाघीस होऊन दीड हजारावर मिटलं. ते दीड हजार साउंडवाल्याच्या बिलातून जायला पाहिजे होते, निदान आमच्यात सारखे वाटून, पण लीडरने ते माझ्या एकट्याच्या पाकिटातून वळते केले. वर ग्रुपवर लिहिलं की नवरात्रीला बेस कीबोर्डवर डाव्या हाताने घेऊ, एक माणूस वाचेल. खाली सहा अंगठे. त्यातला एक ड्रमरचा, ज्याच्या लग्नात मी फुकट वाजवलंय. हे मी विसरणार नाही, आणि विनोद म्हणून सांगत नाहीये.

काल काकांचा परत फोन. म्हटलं आता उरलेले दीड हजार परत मागतायत की काय.

"आमच्या नातवाला शिकवाल का? त्याला गिटार पाहिजे, पण आमच्या खाली एक आजारी माणूस आहे, आवाज चालत नाही. तुमचं वाद्य मला सोयीचं वाटलं."

मी फी सांगितली.

"एवढी? अहो, चौकातला सर सहा तारांचे एवढे घेतो!"