एकसष्ट

उजव्या खांद्याला बाम लावून बसलोय आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

नागपुरात, बेसाकडे, आमच्या लेआउटमध्ये कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्यात बसून भाव वाढायची वाट पाहतात, आणि इकडे दर पावसाळ्यात वाढतं फक्त गवत. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, नेमका त्याच प्लॉटसमोर भरतो. यंदा गवत कमरेएवढं, त्यात कोणाला तरी साप दिसला (धामण होती, पण ग्रुपवर पोचेस्तोवर तिचा नाग झाला). गवत कापायला माणूस बोलावला तर तो पंधराशे म्हणाला, वर्गणीचा विषय निघाला आणि तीस घरं एकदम ऑफलाइन. तेव्हा मी, कोणी विचारलेलं नसताना, लिहिलं की "माझ्याकडे मशीन आहे." एकवीस अंगठे आले. एवढे अंगठे मला माझ्या लग्नाच्या वाढदिवसालाही आले नव्हते.

मशीन म्हणजे ते खांद्याला पट्ट्याने अडकवायचं, एका टोकाला ५२ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पातं. गेल्या सप्टेंबरात शेवटचं चालवलं, दसऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पोत्यात घालून जिन्याखाली उभं केलं ते थेट यंदाच्या पोळ्यापर्यंत. टाकी अर्धी भरलेली होती. मला वाटलं बरंच आहे की, तेवढीच बचत. वरून ताजं टाकायला म्हणून पोळ्याच्या संध्याकाळी बाटली घेऊन पंपावर गेलो तर पोरगा बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, बाटलीत मिळणार नाही, गाडी आणा. म्हटलं, मशीनमध्ये टाकायचंय. तर म्हणे, मग मशीन आणा. आता मशीन खांद्याला लटकवून पंपाच्या लायनीत उभा राहणारा माणूस लोकांना कसा दिसेल याचा मी जरा विचार केला आणि घरी येऊन जुन्या स्कूटरच्या टाकीत नळी टाकून तोंडाने ओढलं. घोटभर आलंच तोंडात. आजकाल पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल म्हणजे शेवटी काय. अख्खा श्रावण पाळला आणि शेवटच्या दिवशी असा बाटलो. बायको म्हणाली, बटाटेवडे तुम्हाला चालायचे नाहीत आता, आधी गुळण्या करा.

असो. एका लिटरला ४० मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं ते), इमानदारीत मोजून मिसळलं, जुन्यावरच ओतलं, आणि सकाळी आठला प्लॉटवर गेलो.

समोरच्या घरात एक काका राहतात. रेल्वेतून रिटायर, तिथे म्हणे हजेरीचं रजिस्टर सांभाळायचे. त्यांनी मला पाहिलं, आत गेले, प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आले, गेटच्या बरोब्बर मधोमध ठेवली आणि बसले. नाटक सुरू व्हायच्या आधी लोक बसतात ना, तसे.

"काय होऊन राहिलं भाऊ?"

"काही नाही काका, गवत कापतोय."

"गवत तं उभंच दिसून राहिलं."

मी पेट्रोल ओढायचा रबरी बल्ब दाबला, चोक लावला, दोरी ओढली. फट्ट. पुन्हा ओढली. फट्ट. बराच वेळ हेच चाललं, आणि मग मागून शांत आवाज आला, "बारा."

"काय बारा?"

"झटके. तुम्ही ओढा न, मोजाचं मी पाहतो. तुम्ही कायले टेन्शन घेता?"

आता मोजणारा माणूस मागे बसला की ओढणाऱ्याचं काय होतं हे ज्याने जिममध्ये ट्रेनर लावलाय त्यालाच कळेल. अठराला काका म्हणाले चोक काढा, काढला. विसाला म्हणाले लावा, लावला. चोविसाला म्हणाले, "जास्त पिलं असन ते. वास येऊन राहिला का?" वास येत होता, पण पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशच्या डब्याचा यावा तसा. तेवढ्यात आतून काकूंनी चहा पाठवला. काकांनी बशीत ओतला, फुंकर मारली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाले देलो असतो, पण तुमचे हात खराब आहेत."

एव्हाना भाजीवाल्याने ठेला लावला होता. धोतर नेसवलेली दोन पोरं लाकडी बैल काखेत मारून उभी होती, तान्हा पोळा संध्याकाळी असतो पण त्यांना सकाळपासूनच बोजाऱ्याची, म्हणजे बैल घेऊन गेलं की मिळणाऱ्या खाऊ-पैशांची घाई. ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांपैकी तिघे गॅलरीत होते. खाली कोणी आलं नाही, मी मुद्दाम लक्षात ठेवलंय.

"तेहेतीस. दसऱ्याले पूजा केली होती का याची?"

"केली होती."

"हार?"

"घातला होता."

"निंबू?"

"निंबूही कापलं होतं काका."

"मंग तं व्हाले पाहिजे," असं म्हणून ते खरोखर काळजीत पडले. बराच वेळ नुसते आकडेच बोलले. चव्वेचाळीसला त्यांना एकदम आठवलं, "माझ्या साळ्याकडं काटोलले पंप होता. संत्र्याच्या बागेत. पेट्रोलवरचा. एका झटक्यात चालू व्हाचा!"

मी दोरी धरून वळलो. मला वाटलं आता काहीतरी युक्ती सांगतील. "मग? काय करायचा तो?"

"मंग काही नाही. चोरीले गेला."

पुढचे झटके मी मशीनला मारत नव्हतो, एवढंच सांगतो. एकसष्टाव्याला दोरी मुठीसकट हातात आली आणि मी गवतात बसलो. धामणीची भीतीही वाटली नाही, येऊ दे म्हटलं, तिने तरी कुठे वर्गणी दिलीय. काका उठले, खुर्ची झटकली. मारबतीचा, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा दिवस होता, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "बंद पडलेल्या मशीनी घेऊन जा गे मारबत!" पोरांना तेवढंच हवं होतं. दुपारपर्यंत गल्लीभर तेच.

दुपारी तो पंधराशेवाला आला. त्याचं मशीन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं, सव्वा तासात प्लॉट साफ. पंधराशे मी दिले. ग्रुपवर टाकलं की प्रत्येकी पन्नास होतात. अजून कोणी पाहिलेलं नाही असं दिसतंय, गुड मॉर्निंगची फुलं मात्र रोज येतायत.

त्या दिवशी इतवारीकडे जाण्यात अर्थ नव्हता, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, शंभराच्या वर वर्षांची मिरवणूक, पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी सेंट्रल एव्हेन्यूच्या मागच्या एका गल्लीत मेकॅनिककडे गेलो. त्याने मशीन पाहिलंच नाही. टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि पाण्याच्या पारदर्शक बाटलीत सगळं ओतून खिडकीत ठेवलं. "दोन मिनिटं बसा," म्हणाला.

बाटलीकडे पाहत बसलो. वर चहासारखं तपकिरी, आणि तळाशी बोटभर वेगळाच पांढुरका थर, मध्ये रेघ मारल्यासारखी. मेकॅनिक म्हणाला, हे खालचं पाणी आहे साहेब. झाकणाचं रबर फाटलंय, जिन्याखाली पाणी ठिबकत असेल. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं, त्याच्यावर झालं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली जाऊन बसतं. आणि टाकीतली नळी कुठून ओढते? तळातून. आणि ऑइल कुठे राहतं? वर, पेट्रोलबरोबर. म्हणजे इंजिनला पहिला घोट बिनतेलाचा. "चालू नाही झालं हे नशीब समजा. पंधरा मिनिटं चाललं असतं तर पिस्टन जाम झाला असता."

एकसष्ट झटक्यांनंतर कोणी आपल्याला नशीबवान म्हणावं हे जरा पचायला वेळ लागतो.

मग त्याने कार्ब्युरेटर खोलला. आत डिंक. म्हणजे अक्षरशः, बाभळीच्या झाडाला येतो तसा पिवळा चिकट डिंक, पेट्रोल उडून गेलं की मागे उरतो तो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते गच्च. आतला रबरी पडदा पापडासारखा कडक. फिल्टरच्या स्पंजमध्ये उंदराने काहीतरी संसार मांडायचा प्रयत्न केलेला होता. मेकॅनिक हे सगळं एकेक काढून माझ्यासमोर वर्तमानपत्रावर मांडत होता आणि मी पोराचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखा मान खाली घालून बसलो होतो.

"घरी कूलर आहे?" त्याने विचारलं.

नागपुरात हा काय प्रश्न झाला? कूलर आहे, दोन आहेत.

"उचलता तेव्हा टाकीतलं पाणी काढता?"

आता इथे मला बोलताच येईना. कारण कूलर ठेवण्याच्या बाबतीत माझ्याएवढा काटेकोर माणूस आख्ख्या लेआउटमध्ये नाही. पाणी काढतो, टाकी पुसतो, ताट्यांमधलं गवत फेकतो, पंप उन्हात वाळवतो, पंख्याच्या शाफ्टला तेलाचा थेंब, मग जुनी चादर, मग त्यावर ताडपत्री. पंचेचाळीस डिग्रीत ज्याच्या जिवावर जगायचं त्याला जपायचं असतं, हे बापाने शिकवलं. मशीनला मात्र हार.

"मग याचं काऊन नाही काढलं?" मेकॅनिक म्हणाला, आणि बिल केलं साडेआठशे.

पण मला सांगा, विकताना का नाही सांगत कोणी? दुकानदाराने पट्टा कसा बांधायचा ते सांगितलं, गॉगल फुकट दिला, सोबतचं पुस्तक चिनी माणसाच्या इंग्रजीत. त्यात मोठ्या अक्षरात एक ओळ टाकायला काय जातं, की बाबा रे पंधरा-वीस दिवसांच्या वर उभं ठेवणार असशील तर टाकी रिकामी कर, बल्ब दाबून नळी रिकामी कर, मग सुरू करून आपोआप बंद पडेस्तोवर चालव म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. हंगाम संपल्यावर प्लग काढून त्या भोकात अर्धा चमचा टूटी ऑइल, दोरी हलक्या हाताने दोन-तीनदा, प्लग पुन्हा लाव. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. स्पंज साबणाच्या पाण्यात धू, पात्याजवळच्या गिअरमध्ये ग्रीस भर. हे सगळं मला साडेआठशे आणि एक खांदा देऊन कळलं. आणि पेट्रोलमध्ये काय मिसळायचं हे वर कोणीतरी ठरवणार, बाटलीत द्यायचं नाही हे पंपावर कोणीतरी ठरवणार, प्लॉट मोकळा ठेवायचं पुण्यात कोणीतरी ठरवणार, त्याला नोटीस देणारं ऑफिस अर्ज घेऊन ठेवणार, आणि दोरी ओढणार मी. पुणेकरांनी काल ग्रुपवर लिहिलंय, "वा, प्लॉट छान दिसतोय, फोटो पाठवता का, एक पार्टी आहे."

फोटो पाठवलेला नाही.

काल संध्याकाळी मशीन घरी आणून दोनदा ओढून पाहिलं, दुसऱ्याला सुरू. काका खुर्ची घेऊन निघालेलेच होते, ते तसेच गेटमध्ये थांबले आणि चेहरा पडला बिचाऱ्यांचा. मग मी टाकी काढून डब्यात रिकामी करायला लागलो तसे जवळ आले.

"हे फेकून राहिले का?"

"नाही काका, ताजं आहे. ऑइल मिसळलंय, स्कूटरला चालायचं नाही, म्हणून ठेवून देतोय."

"मंग मले द्या न. आमच्या मोपेडले टूटीवालंच लागते. नातू आला आहे, त्याले चक्कर मारून आणतो म्हणलं."

ती पायडलची मोपेड त्यांच्या पोर्चमध्ये कधीपासून उभी आहे मला माहीत नाही, आम्ही राहायला आलो तेव्हा तिच्यावर कोंबडीचं खुराडं होतं. मी डबा दिला. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, मोपेड स्टँडवर घेतली, जुन्यावरच ओतलं, सीटवर बसले आणि पायडल मारलं.

मी घरातून खुर्ची आणली.

"एक," म्हटलं.