डोकं दुखत नाही, म्हणून निर्धास्त राहायचं?

सध्या एक संदेश खूप फिरतोय : ‘कॅन्सर मेंदूपर्यंत गेला की डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात. तसं नसेल तर निर्धास्त राहा. फार तर साधा एमआरआय काढा, स्वच्छ आला की विषय संपला. मेंदूच्या आवरणात पसरलाच असेल तर उपचारांचा उपयोग नाही.’ हा भरवसा एखाद्याला फार महाग पडेल.

डोकेदुखी पुष्कळांना होते, पण ती सगळ्यांनाच आणि आधीच होते असं नाही. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती, त्यांच्या आवरणांच्या आत, साधारण 150 मिलिलिटर पाणी खेळत असतं. कॅन्सरच्या पेशी त्यात उतरल्या की कुठेही जाऊन बसतात, आणि जिथे बसतील तिथली नस बिघडते. कुणाची खालच्या ओठाची आणि हनुवटीची एकच बाजू बधिर होते. दाढी करताना कापलेलं कळत नाही, रक्त आरशात दिसतं. माणूस दाताच्या डॉक्टरांकडे जातो. (जबड्याच्या हाडातल्या गाठीनेही असं होतं, तेही तातडीनेच तपासायला हवं.) कुणाला जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात, कुणाला एका कानाने ऐकू येईनासं होतं. कंबरेतून पायात कळ जाणं, लघवी अडणं, बसायची जागा बधिर होणं, यात तर मेंदूच्या आवरणाची शंकाही कुणाला येत नाही. या तक्रारींची साधी कारणंही असतात. पण स्तनाचा, फुप्फुसाचा, रक्ताचा कॅन्सर किंवा मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) होऊन गेला असेल, तर कारण घरी ठरवू नका.

आता एमआरआय. काँट्रास्ट (बिघाड उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता काढला तर आवरणावरचा पातळ थर सहज निसटतो. काँट्रास्ट देऊन मेंदू आणि पूर्ण पाठीचा कणा, दोन्ही बघावे लागतात. पाठीतून पाणी काढलं तरी पहिल्या खेपेला पेशी जेमतेम निम्म्या रुग्णांत सापडतात. म्हणून शंका असेल तर डॉक्टर पुन्हा काढायला सांगतात. त्यांना नाही म्हणू नका.

उपचारांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. आजार गंभीर आहे, बहुतेकांच्या हाती काही महिनेच असतात. पण ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ऑसिमर्टिनिबची गोळी मेंदूपर्यंत पोहोचते, आणि काहीजण तिच्यावर वर्षाहून अधिक जगतात. गेलेली ताकद मात्र बहुधा परत येत नाही. चालता येतंय तोवर उपचार सुरू झाले, तर चालणं टिकण्याची शक्यता जास्त.

म्हणून दाताचे, डोळ्यांचे, कानाचे, कुठलेही डॉक्टर असोत, ‘मला पूर्वी कॅन्सर झाला होता’ हे आधी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी.