चमचाभर कॅव्हिअर म्हणजे अँटिबायोटिकची गोळी?

‘पाळलेल्या स्टर्जन माशांना वर्षानुवर्षं रोज अँटिबायोटिक देतात, ते सगळं अंड्यांत साठतं, चमचाभर कॅव्हिअर म्हणजे एक गोळीच. खायचंच तर नदी-समुद्रातल्या माशाचं खा.’ कॅव्हिअर, म्हणजे स्टर्जन माशाच्या खारवलेल्या अंड्यांबद्दलचा हा मेसेज बराच फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण चिमूटभर.

रोज? अंड्यांवर येईपर्यंत स्टर्जनला सात-आठ वर्षं सहज लागतात, काही जातींना त्याहून जास्त. इतकी वर्षं रोज औषध घालणारा मालक आधी दिवाळखोरीत जाईल. एरोमोनाससारख्या जिवाणूंची लागण झाली की खाद्यातून काही दिवस औषध देतात. नियम धाब्यावर बसवणारे असतात, ते नाकारत नाही.

आता ‘गोळी’. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांना देतात ते अँटिबायोटिक आणि शरीरात त्यापासून बनणारं सिप्रोफ्लॉक्सासिन, या दोन्हींची मिळून युरोपीय संघातली माशांसाठीची मर्यादा किलोला १०० मायक्रोग्रॅम. कॅव्हिअर अगदी त्या काठावर असलं, तरी ३० ग्रॅममध्ये ३ मायक्रोग्रॅम येतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत याच्या दीड लाख पटींहून जास्त औषध असतं. मेसेजवाल्यांनी एक मुद्दा मात्र सोडला: ही मर्यादा माशाच्या मांस-कातडीसाठी ठरलेली आहे, अंड्यांसाठी वेगळी नाही. ओरड करायची तर इथे करा. क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या अँटिबायोटिकचं गणित निराळं. त्याने क्वचित अस्थिमज्जा निकामी होते आणि सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही, म्हणून खाद्यप्राण्यांत त्यावर सरळ बंदी आहे.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा. १९९८पासून स्टर्जनच्या सगळ्या जाती साइट्स (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराखाली आहेत. नैसर्गिक पाण्यातलं म्हणून जे खपवलं जातं, त्यात चोरट्या शिकारीचा माल येतो, आणि त्याची कुठली तपासणी नि कुठला कागद! डब्यावरचं साइट्सचं लेबल वाचा: आधी जातीची तीन अक्षरं, मग एका अक्षरात उगम (‘डब्ल्यू’ म्हणजे निसर्गातला, ‘सी’ म्हणजे बंदिस्त पैदाशीचा), पुढे देश, वर्ष, कारखान्याचा नोंदणी क्रमांक आणि लॉट. लेबलच नसेल तर डबा परत ठेवा.

खाणाऱ्याला जास्त धोका लिस्टेरिया या जिवाणूचा. तीन-चार टक्के मिठाने तो मरत नाही, फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बाईने पाश्चराइझ न केलेलं कॅव्हिअर टाळायचं ते याच्यामुळे.