झुंबराला हात लावू देऊ नका

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पनेतल्या साहसांचा, फाशांवरचा खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टर (डीएम) मित्रहो, तुमच्या टेबलावर ऐन लढाईत "खोलीत पडदे आहेत का?" असं विचारणारा खेळाडू अजून शिल्लक आहे का? मग वेळीच सावध व्हा. आज तो पडदे विचारतोय, उद्या ते पेटवेल आणि परवा तुमच्या लाडक्या ऑगरला, म्हणजे त्या धिप्पाड राक्षसाला, त्याच पडद्यात गुंडाळून जिन्यावरून ढकलून देईल. एकोणसाठ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार सोसू शकणारा ऑगर पहिल्याच राउंडला गडगडत खाली! तुम्ही शनिवारची दुपार खर्च करून आखलेल्या नकाशाचं मग काय करायचं?

नवशिके डीएम इथे सरळ "नाही" म्हणतात. तसं करू नका. नाही म्हटलं की खेळाडू वाद घालतो, आणि वादात कधीकधी त्याचंच बरोबर निघतं. तुम्ही हसतमुखाने "हो" म्हणा आणि रोल मागा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायला लावा.

समजा तुमच्यातली चोर खेळणारी मुलगी म्हणाली, "मी सज्जावरून उडी मारून झुंबराला लोंबकळते आणि ऑगरच्या डोक्यावर जाऊन पडते." छान! उडीसाठी एक रोल, झुंबर पकडायला दुसरा, नेमकं डोक्यावर पडायला तिसरा. प्रत्येक वेळी डीसी, म्हणजे फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा, पंधरा ठेवा. पुस्तकात त्याला मध्यम म्हटलंय, म्हणजे तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. तिचा बोनस तीन असेल, तर एक रोल जमण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के. लागोपाठ तीन जमण्याची? जेमतेम नऊ. शेजारी बसलेला फायटर मात्र "मी मारतो" म्हणून वीस बाजूंचा फासा एकदाच टाकतो. ऑगरचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, अकरा, याचा बोनस पाच, म्हणजे पंचाहत्तर टक्के काम फत्ते. कुणालाही काही समजावून सांगायची गरज उरत नाही. पुढच्या वेळी मुलगी आपणहून म्हणेल, "मीपण मारते."

आणि समजा नऊ टक्क्यांतूनही ती पार पडलीच, तरी घाबरू नका. झुंबर हे तात्पुरतं हत्यार, तेव्हा इजा एक डी-चार, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी. चार माणसांनी मिळून उचलावं लागेल असं लोखंडी झुंबर कवटीवर आदळलं, तरी खंजिराइतकंच लागतं, हे ठामपणे सांगा. वर "तुझी ॲक्शन संपली" हेही सांगायला विसरू नका.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात काही घातक गोष्टी राहून गेल्या आहेत, त्यांच्यापासून जपा. ॲडव्हान्टेज ही त्यातली सर्वांत वाईट. चांगली कल्पना दिसली की दोन फासे टाकायला सांगायचे आणि मोठा आकडा धरायचा. एवढंसं करून तिचे पंचेचाळीस टक्के जवळजवळ सत्तरवर जातात, तेही एकाच रोलमध्ये. असल्या सोप्या गोष्टी टेबलावर आल्या तर लोक विचार करू लागतील. तसंच ते सामानाच्या यादीतलं पान: एका सोन्याच्या नाण्यात धातूच्या एक हजार बारीक गोळ्यांची पिशवी, जमिनीवर ओतली की धावत येणारा घसरून पडू शकतो. शक्यतो गावातलं दुकानच बंद ठेवा. पिशवी कुणी आधीच घेऊन ठेवली असेल, तर ऑगरच्या तळपायांना जाड घट्टे आहेत, असं गंभीर चेहऱ्याने सांगा.

खेळाडू इतिहास काढतील, त्याचीही तयारी ठेवा. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या गृहस्थाने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर एक युद्धखेळ मांडला. खेळाडू सैन्य बाजूला ठेवून भलतेच उद्योग करू लागले. दोघं तर म्हणाले, आम्हाला एकमेकांशी द्वंद्व खेळायचंय. त्याचे नियमच नव्हते! वेस्लीने जागच्या जागी काहीतरी ठरवून त्यांना खेळू दिलं, आणि खेळ पार फसला असं समजून घरी गेला. खेळाडू मात्र आणखी मागू लागले. त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे स्वतःचा ब्लॅकमूर नावाचा खेळ चालवला आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्ससोबत डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर आणला. एका माणसाला वेळेवर "नियमात नाही" म्हणता आलं नाही, त्याचे परिणाम आपण आजवर भोगतोय.

(शाळेत गनिमी काव्यावर पानभर उत्तर लिहून मार्क मिळवलेली मंडळी टेबलावर बसली की समोरासमोर उभं राहून तलवारी आपटतात. या बाबतीत अर्धं काम आपल्या शिक्षणाने आधीच केलेलं आहे, त्याचा फायदा घ्या.)

शत्रूंनाही शिस्त लावा. गोब्लिनसारख्या चिल्लर राक्षसाने टेबल उलटवून त्याच्या आड लपायचं नाही, जिना सोडून पळायचं नाही, शरण तर मुळीच यायचं नाही. एकदा गोब्लिनने दोर कापून पूल पाडला की खेळाडूंना वाटतं, अरे, इथे पूल पाडता येतो! सात हिट पॉइंटच्या जीवाने सातही संपेपर्यंत निमूट उभं राहावं.

उरला खोलीचा प्रश्न. चाळीस फूट बाय चाळीस फूट, सपाट फरशी, चार भिंती. मशाली नकोत, पेटवतील. पिंपं नकोत, ढकलतील. एवढं करूनही कुणी मान वर करून विचारलंच, "वर काय आहे?" तर बेधडक सांगा, या खोलीला छतच नाही. "मग आकाश दिसतंय का?" तर तेही नाही. इनिशिएटिव्हनुसार आता पाळी कुणाची आहे?